‘आमच्या पाण्यावर निवडून आलीस’

नमस्कार काकू,

मी मुंबईच्या पश्चिम उपनगरात राहते. वय ४७. अकरा वर्षं आमच्या गल्लीच्या पाण्यासाठी भांडले. हंडे घेऊन वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्यांवर बसले, दोनदा पोलिसांनी उचलून नेलं. या जानेवारीत पालिकेची निवडणूक झाली, आमचा प्रभाग महिलांसाठी राखीव निघाला, एका पक्षानं विचारलं आणि मी उभी राहिले. चारशेच्या आसपास मतांनी आले.

आमच्याकडे टेकडीवर एक वस्ती आहे. तिथे पाणी चढतच नाही. बायका खाली येऊन कॅननं विकत नेतात. मी जल खात्याच्या इंजिनीअरच्या मागे लागून, पत्र देऊन, खालच्या गल्ल्यांची वेळ पंचवीस मिनिटांनी कमी करून घेतली, म्हणजे वरच्या लाइनला दाब मिळेल. खालच्या गल्ल्यांत माझी जुनी गल्लीही आली. आधी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काम होऊच दिलं नसतं. ज्या मैत्रिणीनं अकरा वर्षं माझ्याबरोबर बॅनरचं दुसरं टोक धरलं, ती दारात येऊन म्हणाली, “आमच्या पाण्यावर निवडून आलीस आणि आमचंच पाणी तोडलंस.” तेव्हापासून बोलणं बंद.

ज्या रस्त्याच्या कामाविरुद्ध मी सह्या गोळा केल्या, त्याच्या बाजूनं हात वर करायचा पक्षाचा व्हीप, म्हणजे आदेश, येणार म्हणतात. पाडव्याला एका ठेकेदारानं काजूकतली पाठवली, डब्याच्या तळाशी पाकीट. परत पाठवलं, तर मिस्टर म्हणाले, निवडणुकीचं कर्ज कोण फेडणार? शिकवण्या बंद केल्यात. याला करिअर म्हणायचं का? आणि मी खरंच बदलले का?

– एक नवी नगरसेविका

*

ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तोच तुम्हाला झोपू देत नाहीये. हो, बदललात. बदलला नसतात तर मी रागावले असते.

वाचकांना माहीत आहे, तुम्हाला सांगते: मी पालिकेच्या एका वॉर्ड ऑफिसात ३१ वर्षं काढली, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. कुठलं ऑफिस ते विचारू नका. म्हणजे मोर्चेही मी खिडकीतून पाहिलेत आणि त्याच मोर्च्यातला माणूस पुढे नगरसेवक होऊन आत आलेलाही पाहिलाय. त्यामुळे हा सल्ला कुणा राजकारण जाणणाऱ्या बाईचा नाही, आवक-जावकच्या टेबलावरचा आहे. त्या बेतानं घ्या.

मोर्चेकरी बाईला आपल्या गल्लीपुरतं मागता येतं. शेजारच्या गल्लीचं काय, हे तिनं का विचारावं? तिचं भांडणच तेवढं असतं आणि ते सच्चं असतं. नगरसेविकेच्या पुढ्यात मात्र अख्खा प्रभाग ताट घेऊन बसलेला असतो आणि पातेल्यात जे आहे ते आहे. मुंबईला सात तलावांतून रोज मिळतं ते चार हजार दशलक्ष लिटरच्या आत-बाहेर. तुमच्या सहीनं तानसाही भरत नाही आणि भातसाही. तुमच्या प्रभागात जी जलवाहिनी येते तिच्यातलं पाणी कुणाला किती वेळ सोडायचं, एवढंच काय ते हलवता येतं. तेही तुम्ही हलवत नाही, चावीवाला हलवतो. पहाटे अंधारात लांब दांड्याची चावी खांद्यावर टाकून जाणारा तो माणूस झाकणावर पाय देऊन किती फेरे फिरवतो, त्यावर टेकडीवरच्या बाईची सकाळ ठरते.

टेकडीवर पाणी चढवलंत ते योग्यच केलंत. यात मला शंका नाही, तुम्हीही ठेवू नका. खालच्या गल्लीतले लोक आता म्हणत असतील, ‘ती वस्ती नंतरची, त्यांचा हक्क काय?’ मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर स्पष्ट सांगितलंय की घर अनधिकृत आहे म्हणून माणसाचं पिण्याचं पाणी अडवता येणार नाही. पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. २०२२ मध्ये पालिकेनंही ‘सर्वांसाठी पाणी’ असं धोरण आणलं. कागदावर तुमची बाजू भक्कम आहे.

चूक दुसरीकडे झाली आणि ती तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलीत. ‘आधी कुणाला सांगितलं नाही.’ तुमच्या मैत्रिणीला पंचवीस मिनिटांचं दुःख नाही हो. अकरा वर्षं जिनं पाण्याची वेळ वहीत टिपून ठेवली, तिला आपली वेळ कमी झाल्याचं कोरड्या नळानं सांगितलं, तुम्ही नाही. आठवून पाहा, तुम्ही दोघी वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्यांवर कशासाठी बसायचात. ‘न कळवता वेळ बदलली’ हीच तक्रार निम्म्या वेळा असणार. माझ्या टेबलावर तरी अशा अर्जांचा ढीग असायचा आणि आम्ही त्यावर काय शेरा मारायचो तेही सांगून टाकते: ‘तांत्रिक कारणास्तव’. तुम्ही तुमच्या मैत्रिणीला ‘तांत्रिक कारणास्तव’ केलंत.

सांगितलं असतं तर त्यांनी काम अडवलं असतं, हे खरं असेल. मग अडवू द्यायचं होतं. चौकात खुर्ची टाकून बसायचं, टेकडीवरच्या दोन बायका सोबत घ्यायच्या, जल खात्याच्या इंजिनीअरला नकाशा घेऊन बोलवायचं आणि दोन तास शिव्या खायच्या. तुम्ही इंजिनीअरला दोन तास उभं केलंयत ना? तसंच. कदाचित पंचवीसची पंधरा मिनिटं झाली असती. कदाचित कुणी म्हणालं असतं की वरच्या अंगाला बूस्टर पंप लावून पाणी ओढणारी बिल्डिंग आधी बघा, मग आमची मिनिटं कापा. अशा गोष्टी गल्लीला माहीत असतात, खात्याला नसतात. आपल्या कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे, नगरसेवकानं मतदारांना बोलावून कामं ठरवण्यासाठी. ती सभा प्रत्यक्ष झालेली पाहिलेला माणूस मला अजून भेटायचाय. तुम्ही घ्या. कुणी सांगितलं नाही म्हणून थांबू नका.

आता एक गोष्ट सांगते, मग बाकीच्या प्रश्नांकडे येते.

आमच्या ऑफिसात एक गृहस्थ यायचे. हातात कायम बिसलेरीची बाटली, तिच्यात त्यांच्या चाळीच्या नळाचं गढूळ पाणी. बोलायचे काही नाहीत. बाटली माझ्या टेबलावर ठेवायचे, शेजारी अर्ज ठेवायचे आणि पोच मागायचे. आमचा शिपाई त्यांना ‘बाटलीवाले’ म्हणायचा. सहा-सात वर्षांनी ते निवडून आले. पहिल्या दिवशी आले ते सवयीनं बाहेरच्या बाकड्यावरच बसले. शिपाई धावत गेला, ‘साहेब, तुम्ही आत.’ ते एवढे लाजले की आम्हालाच हसू आलं. तीन महिन्यांनी मात्र ते स्वतः येईनासे झाले. त्यांच्या माणसाचा फोन यायचा: ‘नगरसेवक साहेबांनी सांगितलंय.’ वर्षभरात त्यांच्या प्रभागात ठिकठिकाणी सिमेंटची बाकडी आली, प्रत्येकावर त्यांचं नाव, चाळीच्या आवारात लादीकरण झालं आणि त्याच चाळीतली एक म्हातारी गढूळ पाण्याची बाटली घेऊन त्यांच्या कार्यालयात गेली, तर तिला म्हणे सांगितलं, ‘अर्ज देऊन जा.’

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर मी ती तुम्हाला सांगितली नसती. पुढच्या वेळी सोडतीत त्यांचा प्रभाग दुसऱ्याच प्रवर्गाला गेला. उमेदवारीचा प्रश्नच मिटला. काही महिने दिसले नाहीत. मग एके दिवशी तेच बाकडं, तीच बाटली. मी अर्ज घेतला आणि वाचून चाटच पडले. पूर्वीचे त्यांचे अर्ज तीन पानी असायचे, ‘निष्क्रिय प्रशासनाचा जाहीर निषेध’ वगैरे. हा अर्ज आठ ओळींचा होता. कुठली वाहिनी, किती इंची, बदलण्याचा प्रस्ताव कुठल्या साली मंजूर झाला, अर्थसंकल्पातल्या कुठल्या लेखाशीर्षाखाली तरतूद आहे आणि त्यातली किती खर्चच झाली नाही. त्याला ‘तांत्रिक कारणास्तव’ लिहायची कुणाची छाती नव्हती. पाच महिन्यांत वाहिनी बदलली. माझ्या नोकरीत पाहिलेला तो सर्वांत चांगला अर्ज. आणि मला राहून राहून वाटतं, हाच अर्ज त्यांना खुर्चीवर असताना का लिहिता आला नाही?

तुमचा ‘करिअर’ हा शब्द वाचला तेव्हा ते आठवले. आणि दुसऱ्या आठवल्या त्या मृणालताई गोरे. तुम्ही पश्चिम उपनगरातल्या, म्हणजे गोरेगावच्या उड्डाणपुलावरचं त्यांचं नाव तरी वाचलंच असेल. आता नुसतं ‘पाणीवाली बाई’ एवढंच लक्षात राहिलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

१९२८ चा जन्म. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून समाजवादी चळवळीत आल्या. नवरा केशव ऊर्फ बंडू गोरे, तोही कार्यकर्ता. दोघांनी गोरेगावात संसार थाटला तेव्हा ते मुंबईच्या हद्दीबाहेरचं गाव होतं. पालिकेत आलं १९५७ मध्ये. हद्द आली, पण पाणी काही तिच्याबरोबर आलं नाही. १९५८ साली बंडू गोरे गेले. पदरात लहान मुलगी. आणि १९६१ साली त्या पालिकेत निवडून आल्या. त्याच निवडणुकीत अहिल्याताई रांगणेकरही आल्या, कम्युनिस्ट पक्षाच्या. दोघींचे पक्ष वेगळे, पण पुढे १९७२ मध्ये महागाईविरुद्ध बायकांची जी एकजूट झाली तिच्यात दोघी खांद्याला खांदा लावून होत्या. लाटणं मोर्चा, थाळीनाद, हे सगळं त्यातलं. तुमच्या हंड्यांची वंशावळ तिथवर जाते.

मला त्यांच्या गोष्टीत मोर्च्यांइतकंच महत्त्वाचं वाटतं ते हे की त्यांची वाट जिन्यासारखी वर वर गेली नाही. नगरसेविका, १९७२ मध्ये आमदार, आणीबाणीत भूमिगत आणि मग तुरुंग, १९७७ मध्ये खासदार. तेव्हाची ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा आमच्या घरी वडील हसत हसत म्हणून दाखवायचे; दिल्लीवाली बाई म्हणजे तेव्हा हरलेल्या इंदिरा गांधी. इथवर जिना. पण मग १९८५ मध्ये त्या पुन्हा विधानसभेत आल्या. दिल्ली पाहून आलेला माणूस आता सहसा मुंबईत आमदारकीला उतरत नाही, कमीपणा वाटतो. त्यांनी त्या आमदारकीत गर्भलिंग तपासणीविरुद्ध अशासकीय विधेयक आणलं आणि १९८८ मध्ये महाराष्ट्रानं तसा कायदा केला, देशात पहिला. आणि त्याच काळात गोरेगावात नागरी निवारा परिषदेतर्फे सर्वसामान्यांच्या घरांसाठी झटल्या. म्हणजे फिरून गोरेगावातच. जवळजवळ सगळी वर्षं विरोधी बाकांवर. तुम्ही याला काय म्हणाल? पदांचा आलेख काढायचा तर तो वेडावाकडा निघेल. पाण्याचा, धान्याचा, घराचा धरला तर सरळ रेष आहे.

आता तुम्ही म्हणाल, काकू, त्या मृणालताई होत्या, मी शिकवण्या घेणारी बाई आहे. बरोबर आहे. म्हणून पैशाचं बोलू.

मुंबईच्या नगरसेवकाला महिन्याला २५,००० रुपये मानधन मिळतं. त्यातून कार्यालयाचं भाडं, एक मुलगा कागदं लिहायला, रिक्षा-चहा, लग्नाची पाकिटं, गणपतीची वर्गणी, दहीहंडीची वर्गणी, हळदीकुंकवाची भांडी. उरतं काय ते तुम्हाला चार महिन्यांत कळलंच असेल. तेव्हा हे करिअर नव्हे. करिअरमध्ये माणूस चांगलं काम केलं की टिकतो. इथे पाच वर्षांनी एका मुलाच्या हातून चिठ्ठी निघते आणि प्रभागाचं आरक्षण बदलतं. तुम्ही काम केलंत की झोपा काढल्यात याचा तिच्याशी संबंध नाही. २२७ पैकी ११४ जागा बायकांच्या, पण कुठल्या ११४, हे दर वेळी नव्यानं ठरतं.

शिकवण्या पुन्हा सुरू करा. सगळ्या नाही, आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी एक बॅच. माझ्या बाकीच्या सगळ्या सल्ल्यांपेक्षा हा मोलाचा आहे आणि कुणीही राजकारणी तुम्हाला हा देणार नाही. ज्या नगरसेवकाचं घर नगरसेवकपणावर चालतं त्याला पाकिटाला नाही म्हणणं दर महिन्याला थोडं थोडं अवघड जातं. मी हे वाढताना पाहिलंय. आधी डबा, मग कार्यालयाला रंग ‘आमच्याकडून’, मग मुलाची फी. शिवाय पालिकेच्या कंत्राटात नगरसेवकाचा प्रत्यक्ष किंवा आडून हितसंबंध निघाला तर पद जातं, हे मिस्टरांना नीट वाचून दाखवा. ‘आडून’ या शब्दावर जरा थांबून दाखवा.

पाकीट परत केलंत, छान. पण कसं केलंत? पत्रावरून वाटतं, डब्यात घालून गुपचूप. पुढच्या वेळी कार्यालयात चार माणसं असताना परत करा आणि एक जावक रजिस्टर घालून त्यात नोंद करा. ‘अमुक तारखेस आलेला मिठाईचा डबा व बंद पाकीट न उघडता परत.’ खाली पोचेची सही घ्या. हसू नका. या एका रजिस्टरची बातमी सगळ्या ठेकेदारांत दोन दिवसांत पसरेल आणि डबे यायचे बंद होतील. राहिलं निवडणुकीचं कर्ज. ते कुणाकुणाचं आहे याची यादी करा. बँकेचं असेल, नातेवाइकांचं असेल तर ते कर्ज. ज्याचं पालिकेत काम अडलेलं असतं अशा माणसाचं असेल तर तो हप्ता आहे. तो आधी फेडा, लागलं तर एखादा दागिना मोडून. मला माहीत आहे हे सांगणं सोपं आहे.

मिस्टरांवरून आणखी एक, आणि हे चोंबडेपणाचं वाटलं तर माफ करा. तुमचा फोन कोण उचलतं? आमच्या काळात बाई निवडून यायची आणि ‘नगरसेवक’ म्हणून ऑफिसात तिचा नवरा यायचा. आमचे साहेबही खुशाल त्याच्याशीच बोलायचे, बाईंची सही नंतर घरून यायची. फोन तुमच्याच पिशवीत राहू द्या. इंजिनीअरनं मिस्टरांना ‘साहेब’ म्हणायला सुरुवात केली की समजा, फाइल घरात शिरली.

व्हीपचं थोडक्यात सांगते. १९८६ च्या पक्षांतरबंदीच्या कायद्यानं नगरसेवकही बांधलेला आहे. व्हीप मोडून मत दिलंत आणि पक्षानं मनावर घेतलं तर जागा जाऊ शकते. पण व्हीप हाताला असतो, तोंडाला नसतो. पालिकेच्या सभेआधी गटाची बैठक होते, तिथे उठा आणि त्या रस्त्याविरुद्धच्या सह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवा. नुसता विरोध केलात तर ‘ताई अजून मोर्च्यातच आहेत’ म्हणून हसण्यावारी नेतील. उपसूचना, म्हणजे प्रस्तावातली दुरुस्ती, तयार करून न्या: काम टप्प्यानं करा, अमुक झाडं सोडून आखणी करा, पावसाळ्याआधी खोदू नका, जे काय तुमचं मूळ म्हणणं होतं ते. पक्षाला आपलीच उपसूचना म्हणून मिरवता येईल अशी लिहिलीत तर निम्म्या वेळा पास होते. तरीही ऐकलं नाही आणि हात वर करावाच लागला, तर त्याच संध्याकाळी सह्या करणाऱ्यांना सांगा की मी हात वर केला आणि का केला. वर्तमानपत्रातून कळू देऊ नका. परत ‘तांत्रिक कारणास्तव’ नको. आणि असं एखादंच काम असेल ज्यासाठी जागा गेली तरी चालेल. ते कुठलं, हे आत्ताच मनाशी ठरवून ठेवा. सभागृहात गोंधळ चालू असताना ठरवता येत नाही. हा रस्ता तो असावा असं मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही. चूक असेन तर कळवा.

एक फायदा तुमच्या बाजूनं आहे, तो वाया घालवू नका. मार्च २०२२ मध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपली आणि तेव्हापासून या जानेवारीपर्यंत, जवळजवळ चार वर्षं, पालिकेवर प्रशासक होते. नगरसेवकच नव्हते. त्या वर्षांत साहेबलोकांना ‘हे कुणाला विचारून केलंत?’ असं विचारणारं सभागृह नव्हतं. पालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा, तोही असाच, सभागृहाविना मंजूर झाला. त्यामुळे आता प्रश्न विचारला की जुन्या नगरसेवकांनाही नवीन वाटेल अशी उत्तरं येतील. अर्थसंकल्पाची पुस्तकं मागवा. जाडजूड असतात, अक्षर बारीक. तुमच्या वॉर्डाच्या पानांवर पेन्सिलनं खुणा करा: तरतूद किती, खर्च किती. स्थायी समितीच्या बैठकीत अध्यक्ष ‘मंजूर, मंजूर’ म्हणत पानं उलटतात त्या वेगाला एखादा माणूस नेमक्या पानावर बोट ठेवून बसलेला असला की जरा खीळ बसते. आणि ‘दफ्तरी दाखल’ म्हणजे प्रस्ताव मेला, हे कुणी सांगेपर्यंत नव्या लोकांना ते मंजूर झाल्यासारखंच वाटतं. एका नव्या बाईंनी पेढेसुद्धा वाटले होते.

नगरसेवक निधीचंही तसंच. बाकडी घालू नका. घालायचीच तर नाव नको. २००७ मध्ये जुहूतून अ‍ॅडॉल्फ डिसूझा हे नागरिकांनी मिळून उभे केलेले अपक्ष उमेदवार निवडून आले होते. निधी कुठे खर्चायचा हे लोकांना विचारून ठरवायचं, हा त्यांचा आग्रह. पुण्यातही २००६ पासून नागरिकांनी अंदाजपत्रकासाठी कामं सुचवायची पद्धत आहे. म्हणजे हे जगावेगळं काही नाही. तुमच्या त्या अकरा वर्षांच्या वहीत कामांची यादी आयती तयारच असेल. वही कुणाकडे आहे?

माझा अंदाज, मैत्रिणीकडे.

तर तिच्याकडे जा. रविवारी दुपारी मिठाई घेऊन नाही, पाण्याच्या वेळी. पहाटे तिचा नळ येतो त्याआधी दहा मिनिटं तिच्या ओट्यावर जाऊन बसा. ती दार उघडेल, कारण पाणी भरायला तिला उघडावंच लागेल. बोलली नाही तर हंडा लावा. नळाला किती धार आहे ते स्वतः बघा, किती वाजता गेलं ते घड्याळात बघा, आणि तिला सांगा की मी तुला आधी सांगायला हवं होतं. एवढंच. टेकडीचा विषय तुम्ही काढू नका. तिनं काढला तर चढण चढायला तिला सोबत घेऊन जा, तिथेही त्या वेळी पाणी भरायची घाई चालू असेल.

आणि कार्यकर्ते बरोबर नेऊ नका. गाडी गल्लीच्या तोंडाशी सोडा.

– तुमची काकू